आठ ते अकरा

माधव ताम्हाणे माणसं मोजायचे. हा त्यांचा पेशाच होता, आणि बत्तीस वर्षं केल्यामुळे आता तो स्वभावही झाला होता. लग्नाच्या पंगतीला बसले तरी शेजारच्याला सांगायचे की आज शंभरातले साठ मागच्या दाराने आले. अशा वेळी त्यांची बायको नलू वाढणाऱ्याला खूण करून त्यांच्या पानात एक जिलबी जास्त टाकायला लावायची, म्हणजे तोंड तरी बंद राहील.

दादरला एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर शहरातल्या रहदारीचा अभ्यास करणारी एक संस्था आहे. नाव लांबलचक आणि माणसं अकरा. तिथे माधवराव आकडेवारीचे प्रमुख. गिरगावातून शंभरातले किती लोक चालत कामावर जातात, दादरमधून किती, परळ-लालबागमधून किती, सायकलवर किती, हे मोजायचं आणि तक्त्यात मांडायचं. कुठे पदपथ हवा, कुठे कठडा हवा, कुठे पदपथ कापून रस्ता रुंद केला तरी चालेल, हे त्या तक्त्यांवरून वरचे लोक ठरवत. माधवराव ठरवत नसत. "मी फक्त आकडा देतो," हे वाक्य ते इतक्या समाधानाने म्हणत की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस देवळाबाहेर उभा राहून प्रसाद वाटतोय.

अकरा वर्षांपूर्वी या सगळ्या विभागांची पहिली मोठी पाहणी त्यांनीच केली होती. ठिकठिकाणी माणसं उभी करून सकाळी आठ ते अकरा येणारे-जाणारे मोजले. वेळ माधवरावांनीच ठरवली. त्यासाठी त्यांना विचार करावा लागला नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

गिरगावातल्या ज्या चाळीत ते वाढले तिथे सव्वानऊला प्रत्येक मजल्यावरून कारकून मंडळी खाली उतरायची. आजोबा कारकून, वडील कारकून, समोरच्या दोन्ही खोल्यांतले कारकून. वडील इस्त्रीचा सदरा घालून, डबा आणि छत्री घेऊन फोर्टातल्या कचेरीत चालत जात. कामावर जाणं म्हणजे ते. पहाटे दूध यायचं, पाव यायचा, सहाच्या पुढे कधीतरी पेपर यायचा. हे सगळं आणणारा माणूसही आपल्या घरून निघून कामावरच आलेला असतो, हे कोणाच्या मनातही येत नसे. सगळ्यांच्या तोंडी वडील जायचे आणि दूधवाला यायचा. माधवरावांनी पुढे संख्याशास्त्राची पदवी घेतली, पण ही समजूत पदवीच्या कितीतरी आधीची होती. ती तशीच तळाशी बसून राहिली.

पाहणी उत्तम झाली असं सगळे म्हणाले. गिरगावात शंभरातले अडतीस चालत निघाले. त्यातले निम्मे आपल्या वडिलांसारखे असतील असं वाटून माधवरावांना उगाच बरं वाटलं. दादरमध्ये चालणारे कमी, गाड्या जास्त. लालबाग-परळमध्ये त्यांनी बरीच गर्दी धरली होती, पण आठ ते अकरात ती दिसेना. सर्वांत कमी भरलं सातवं ठिकाण, करी रोडच्या बाजूने लालबागकडे येतानाचा उतार. एका अंगाला बंद गिरणीची उंच भिंत, भिंतीला लागून पदपथ, पदपथाला लोखंडी कठडा. तिथे सायकलवाले शंभरात दोन. माधवरावांनी अहवालात लिहिलं, 'सदर ठिकाणी सायकलस्वार व पादचारी यांचे प्रमाण नगण्य असून स्वतंत्र व्यवस्थेची आवश्यकता दिसून येत नाही.' आधी त्यांनी 'कमी' लिहिलं होतं. ते खोडून 'नगण्य' केलं, कारण ते जास्त भारदस्त वाटलं.

पुढे दोन वर्षांनी त्या उतारावरचा पदपथ कापला गेला, कठडा निघाला आणि रस्ता आणखी एका गाडीपुरता रुंद झाला. माधवरावांना हे कळलंही नाही. त्यांचा संबंध आकड्याशी. संस्थेत मात्र सकाळच्या त्या तीन तासांना नावच पडलं, 'ताम्हाणे वेळ'. नवीन लागलेली मुलंसुद्धा विचारायची, ताम्हाणे वेळेतला आकडा देऊ का पूर्ण दिवसाचा. माधवराव वर न बघता "ताम्हाणे वेळेतला" म्हणायचे आणि मनातल्या मनात फुलून यायचे.

यंदा महिनाअखेरीला ते निवृत्त व्हायचे होते, आणि त्याच महिन्यात नवी पाहणी पुरी झाली. या वेळी माणसं नव्हती, खांबांवर कॅमेरे होते. संस्थेचा संचालक अनिमेष कोठारे, चौतिशीतला, गिरगावच्या जुन्या प्रभू घराण्यातला, परदेशात शिकून आलेला, मनाने चांगला आणि उत्साहाने जरा जास्तच. सोमवारी तो माधवरावांच्या टेबलाशी आला आणि म्हणाला की लालबागच्या उतारावरची सायकल तिप्पट झाली, शंभरात दोन होती ती सहा झाली. शुक्रवारी पाहणी करवून घेणाऱ्यांपुढे सादरीकरण होतं. पहिल्याच पानावर हे टाकायचं आणि खाली लिहायचं की तुलनेचा पाया ताम्हाणे काकांचा. निरोपाची याहून चांगली भेट काय असणार, असं तो म्हणाला. माधवराव हरभऱ्याच्या झाडावर चढले. घरी फोन करून नलूला सांगूनही टाकलं.

दुपारी जेवण झाल्यावर जुन्या सवयीने त्यांनी सातव्या ठिकाणच्या आकड्याचे तास सुटे केले. कॅमेरे पहाटे पाचला सुरू होत होते. आठ ते अकरात सायकलवाले शंभरात दोन. अकरा वर्षांपूर्वी होते तेवढेच. पाच ते आठमध्ये शंभरात बावीस.

त्यांनी बेरीज परत केली. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा केली. आकडे चोख होते. वाढलं काहीच नव्हतं. जे पहाटे आधीपासून जात होते ते या वेळी पहिल्यांदा मोजले गेले, एवढंच. चुका त्यांनी आयुष्यात पुष्कळ दुरुस्त केल्या होत्या, हीही केली असती. पण कॅमेऱ्याने काढलेलं त्या जागेचं चित्र शेजारी उघडं होतं. गिरणीची भिंत, तिच्या पायाशी हातभर उरलेला पदपथ, आणि कठडा नाही. ती भिंत बघून त्यांना दौलत आठवला.

दौलत म्हणजे त्यांचा पेपरवाला. डिलाईल रोडला राहायचा. पहाटे पाचला सायकल काढून दादरला यायचा, गठ्ठे उचलायचा आणि सव्वासहाला तिथेच राहणाऱ्या ताम्हाण्यांच्या दाराशी पेपर टाकायचा. एकवीस वर्षं. चार वर्षांपूर्वी एक आठवडा पेपर आला नाही. नलू चौकशी करून आली आणि तिने सांगितलं की करी रोडच्या उतारावर टँकरने दौलतला गिरणीच्या भिंतीशी दाबला, डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. तेव्हा माधवराव चहा पीत होते. ते म्हणाले होते, "अरेरे. तिथे कठडा नव्हता का?" नलू म्हणाली होती, मला काय माहीत.

हे आपलेच शब्द त्यांना सोमवारी दुपारी कचेरीत बसून जसेच्या तसे ऐकू आले. एकवीस वर्षं रोज सकाळी एक सायकलवाला त्यांच्या दारापर्यंत येत होता, त्याने आणलेला पेपर वाचून ते माणसं मोजायला निघत होते, आणि त्यांच्या तक्त्यात तो नव्हता.

बुधवारी ते पहाटे पावणेपाचला उठले. नलूला वाटलं, निवृत्तीच्या धास्तीने माणूस बिघडला. टॅक्सी करून ते उतारावर गेले, बरोबर पुठ्ठा, कागद आणि पेन्सिल. कॅमेऱ्यावर त्यांचा अविश्वास होता असं नाही, पण जे आपण पाहिलं नाही ते एकदा पाहावं असं वाटलं. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, या हिशेबाने हात आपोआप चालू लागला. दोन्ही बाजूंना पावाच्या पेट्या लावलेले सायकलवाले, दुधाच्या पिशव्या टांगलेले, मागे इडलीचं पातेलं बांधलेला एक. दादरच्या फुलबाजाराकडे निघालेल्या बायका. परळच्या इस्पितळांतल्या सातच्या पाळीला चालत जाणाऱ्या आया आणि वॉर्डबॉय. नव्या टॉवरांतून रात्रपाळी संपवून घरी परतणारे वॉचमन. पदपथ हातभर, त्यातही मध्ये एक खांब, म्हणून सगळे रस्त्यातूनच चालत होते. सहाच्या आत कागदाची एक बाजू भरली.

तेवढ्यात समोरून येणारी एक बाई थबकली. काखेत रिकाम्या गोणत्या, पायात रबरी चपला. ती दौलतची बायको, शांता होती. गेली चार वर्षं दौलतची लाईन, म्हणजे त्याच्या ठरलेल्या घरांचे पेपर, तीच टाकत होती. हे माधवरावांना माहीत होतं, पण तिला पेपर टाकताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, कारण दार नलू उघडायची.

"काका, तुम्ही इथे? काल पेपर नाय मिळाला काय?"

मिळाला, असं ते म्हणाले. मग कशाला आलात, तर मोजायला. काय मोजायला, तर कामावर जाणारी माणसं.

"मग मला नका धरू," शांता म्हणाली. "ही आपली लाईन. कामाला मी धा वाजता जाते, पोळीभाजी केंद्रात."

माधवरावांची पेन्सिल हातातच राहिली. त्यांनी विचारलं की एवढं अंतर चालत का. सायकल आहे, ती म्हणाली, तिने शिकूनही घेतली होती. पण इथे आलं की हातपाय गळतात. हे सांगताना तिने हनुवटीने भिंत दाखवली. मग ओशाळून म्हणाली की त्यामुळे पेपर पावणेसातला येतो, वहिनी बोलल्या होत्या उशिराबद्दल, पण आता आजून लवकर नाय जमत. ती निघून गेली. उशिराबद्दल नलूला बोलायला माधवरावांनीच लावलं होतं, एकदा नाही, तीनदा. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सायकलवर सव्वासहा आणि पायी पावणेसात. दोन्हींमधला फरक रोज सकाळी त्यांच्या दाराशी येऊन पडत होता आणि ते त्याला आळस समजत होते.

गुरुवारी त्यांनी अनिमेषला सगळं सांगितलं. तास सुटे केलेला तक्ता पुढे ठेवला. अनिमेष हुशार, त्याला एका नजरेत कळलं, आणि त्याचा चेहरा पडला. मग त्याने मार्ग काढला. दोन पाहण्यांच्या पद्धती वेगळ्या असल्याने तुलना काळजीपूर्वक करावी, अशी तळटीप टाकायची आणि तिप्पट तशीच ठेवायची. तीही खोटी नाही, कॅमेऱ्याने मोजलेलीच आहे. माधवराव म्हणाले, वाचणाऱ्याला वाटेल सायकल वाढली, म्हणजे रस्ते बरे आहेत, म्हणजे काही करायला नको.

"काका, मी तुमच्यासाठी बोलतोय," अनिमेष म्हणाला. "शेवटचा आठवडा आहे तुमचा. अकरा वर्षं आपण तुमचा आकडा वापरतोय. उद्या सगळ्यांसमोर तो चुकीचा होता म्हणायचं?"

माधवराव विचार करतो म्हणून उठले. खोटं कशाला सांगा, त्यांना तळटिपेचा मोह झाला. बारीक अक्षरात एक ओळ, आणि वर आपलं नाव. संध्याकाळी त्यांनी नलूपुढे सगळं मांडलं. आपण सादरीकरणात सांगून टाकावं की नाही, हे विचारताना त्यांच्या आवाजात थोडी अपेक्षा होती, की ती म्हणेल, एवढं काय मनाला लावून घेता. नलू भाजी निवडत होती. ती म्हणाली, "तिथे सांगा नाहीतर नका सांगू. दौलत काय तुमचा अहवाल वाचणार आहे? त्याला कोण सांगणार?"

माधवरावांना हे सुचलंच नव्हतं.

शुक्रवारी त्यांनी सांगितलं. पहिल्या पानावरची तिप्पट अनिमेषने स्वतःच काढून टाकली होती, हे त्याच्या चांगुलपणाला धरूनच झालं. माधवराव उभे राहिले आणि म्हणाले की लालबागमध्ये सायकल वाढलेली नाही, अकरा वर्षांपूर्वी मी चुकीच्या वेळी मोजलं, वेळ मी ठरवली होती. पाहणी करवून घेणाऱ्यांपैकी एका बाईंनी विचारलं की त्या आकड्यावर पुढे काय काय झालं, त्याची नोंद आहे का. माधवरावांनी सातव्या ठिकाणच्या कठड्याचं सांगितलं. बाईंनी ते लिहून घेतलं. उतार यादीत घेऊ, असं त्या म्हणाल्या. यादी किती मोठी आहे हे माधवरावांनी विचारलं नाही. बाहेर पडताना नवीन मुलांपैकी कोणी त्यांच्याकडे नीट पाहिलं नाही, आणि अनिमेषने खांद्यावर हात ठेवला तो जरा लवकरच काढला. तरी त्यांना हलकं वाटलं. ते हलकेपण रविवारपर्यंत टिकलं.

रविवारी दुपारी ते डिलाईल रोडला गेले. दौलत चाळीच्या तोंडाशी फळी टाकून पेपर आणि मासिकं विकतो. उरलेले अंक तो आवरत होता, कुबडी भिंतीला टेकवलेली. मागच्या बोळात त्याची सायकल उभी होती, दोन्ही चाकांतली हवा गेलेली. त्याने माधवरावांना स्टूल दिलं आणि शांताला चहाला हाक मारली. माधवरावांनी बोलायला सुरुवात केली आणि एकवीस वर्षं दौलतला 'तू' म्हणत आलेला माणूस त्या दिवशी 'तुम्ही' म्हणू लागला. दौलतला तेच आधी खटकलं. हा माणूस काहीतरी वाईट सांगायला आलाय, हे त्याच्या ध्यानात आलं.

माधवरावांनी सगळं क्रमाने सांगितलं. पाहणी, आठ ते अकरा, शंभरात दोन, अहवालातली ओळ, मग पदपथ, मग कठडा. शब्द गिळले नाहीत, फिरवलेही नाहीत. दौलत ऐकत राहिला. मध्येच एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्याने मासिक दिलं आणि परत ऐकू लागला. शांता कप घेऊन दाराशी उभी राहिली होती. दौलत चिडला असता तर बरं झालं असतं, माधवराव त्याच तयारीने आले होते.

"आम्ही शंभर-दीडशे सायकली असायचो तिकडे सकाळी," दौलत शेवटी म्हणाला. "पाववाले, दूधवाले, आम्ही. आता त्याच्या निम्म्या नायत." मग त्याने विचारलं, "साहेब, तेव्हा मोजलं असतं, तर कठडा राहिला असता?"

"राहिला असता," माधवराव म्हणाले. "बहुतेक."

"बहुतेक म्हंजे? शंभरात किती?"

तो टोमणा नव्हता. माधवरावांची भाषा एवढी वर्षं पेपर टाकता टाकता त्याच्याही कानावर पडली होती, आणि त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. आपला पाय किती टक्क्यांनी वाचला असता, एवढाच त्याचा प्रश्न होता. बत्तीस वर्षं माधवरावांनी याच एका प्रश्नाची उत्तरं दिली होती. त्यांनी मनात काही जुळवून पाहिलं, काही जुळलं नाही.

"ते नाही सांगता येणार," ते म्हणाले.

"तेव्हा बरं सांगता आलं," दौलत म्हणाला.

शांताने चहा पुढे केला. माधवरावांनी तो घेतला, कारण नाही म्हणायला तोंड नव्हतं. दौलत अंकांना सुतळी बांधू लागला. कप रिकामा झाल्यावर माधवराव उठले. उद्या पेपर येईल ना, असं विचारायचं त्यांच्या ओठावर आलं होतं. ते त्यांनी विचारलं नाही.

टॅक्सी न करता ते चालत निघाले. उतारावर आले तेव्हा ऊन भिंतीवर आलं होतं. पदपथ खांबाशी संपला म्हणून ते रस्त्यात उतरले. चार पावलं गेले असतील, मागून ट्रकचा हॉर्न वाजला. माधवराव भिंतीला पाठ लावून, हात पसरून उभे राहिले आणि ट्रक जाईपर्यंत तसेच राहिले.